आजोबांच्या ट्रंकेतला जर्मन चमचा-काटा : ओळखायचा कसा?

माणदेशी_पोर

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गावचं (माण तालुका, जि. सातारा) जुनं घर उतरवलं. माझे आजोबा ३/५ मराठा पलटणीत (पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन) होते, १९४४ ला इटलीत लढले. १९८३ साली गेले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. त्यात तीन पदकं, एक पितळी बक्कल, कुठल्याशा कागदाचा चुरा आणि एक विचित्र वस्तू. एका टोकाला चमचा, दुसऱ्या टोकाला चार दातांचा काटा, दोघांच्या दांड्या एका रिव्हेटने जोडलेल्या. घडी घातली की काटा चमच्याच्या पोटात जाऊन बसतो. वजनाला अगदी हलका. लोहचुंबक चिकटत नाही.

दांडीवर ठसा आहे. तीन-चार इंग्रजी अक्षरं पार झिजलेली, त्यापुढे ४१ हा आकडा स्पष्ट. मागच्या बाजूला कुणीतरी टोकदार वस्तूने एच आणि के अशी अक्षरं ओरखडलीत. त्याच्या खाली बारीक ठिपक्यांची एक ओळ आहे, ती काय आहे कळत नाही. काट्याचे दात खड्डे पडून खरबरीत झालेत आणि रिव्हेटभोवती पांढरी पूड धरलीय.

आई याला कायम 'जर्मनचा चमचा' म्हणते. म्हणजे जर्मन सैनिकाचाच ना? ओळखायचं कसं? आणि पितांबरीने घासू का? फोटो खाली दिलेत.

टवाळ

पहिल्याच धाग्यात हिटलरचा चमचा. पुढच्या धाग्यात नेपोलियनची पळी येऊ द्या. जागा धरून बसलोय.

ओसरी

अरे पोरा, आई 'जर्मनचा' म्हणते म्हणजे जर्मनीचा असं कुणी सांगितलं तुला? आमच्याकडे अजूनही ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचंच भांडं म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा तांब्या, जर्मनचं ताट. काही ठिकाणी जर्मल. पूर्वी जर्मन सिल्व्हरची भांडी यायची, त्यांचं नाव पुढे या स्वस्त पांढऱ्या धातूला चिकटलं. माझ्या सासूबाईंच्या हिशेबाने आमच्या फडताळात अख्खी जर्मन पलटण होती.

चहाबाज

ओसरीताई, पहिल्याच चेंडूवर दांडी गुल! :हाहा:

माणदेशी_पोर

अरेच्चा! हे लक्षातच आलं नाही. म्हणजे आईची साक्ष बाद. मग ४१ आणि त्या अक्षरांचं काय?

गंजका

साक्ष बाद झाली तरी खटला उभा आहे. मी स्टुटगार्टजवळ राहतो, दहाएक वर्षं हे असलं सामान गोळा करतोय. (बायको याला 'भंगार' म्हणते, नोंद घ्यावी.)

फोटोवरून सांगतो : ही घडीची चमचा-काटा जोडी जर्मन सैन्याची नेहमीची. इकडे तिला ग्योफेल म्हणतात. गाबेल म्हणजे काटा, ल्योफेल म्हणजे चमचा, दोघांचं लग्न लावलं की ग्योफेल. पहिल्या महायुद्धातही होती, म्हणून सालाचा आकडा महत्त्वाचा. तुमच्याकडे ४१ आहे तेव्हा तो प्रश्न मिटला. सैनिकाच्या कमरेला ब्रेडची कापडी पिशवी असायची, ब्रोटबॉयटेल. त्यात हे, बेकलाइटची लोण्याची डबी आणि असलंच किडूकमिडूक. जेवणाचा डबा वेगळा, १९३१ च्या नमुन्याचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा, झाकणाला दांडी.

सुरी का नाही असं कुणीतरी विचारेलच. रणांगणावरचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा आइनटोप्फ, सगळं एकाच भांड्यात शिजवलेलं पातळ कालवण. चाकांच्या भटारखान्याला धुराडं असायचं, त्यावरून शिपाई त्याला गुलाशकानोन म्हणत, म्हणजे गुलाशची तोफ. त्याला चमचा पुरतो. पाव कापायला खिशातला चाकू.

दुसरा प्रकार चार नगांचा. सुरी, काटा, चमचा आणि डबे फोडायचं पातं. पात्याच्या पट्टीतच खाचा असतात, त्यात बाकीचे तिघे सरकवले की एक चपटी गठडी होते. संग्राहक या चार नगांच्या मागे जास्त धावतात आणि तिथेच जास्त फसतात. ते पुढे लिहितो, आता मीटिंग आहे.

एकच आत्ता सांगतो : घासू नका. पितांबरी, चिंच, राख, सोडा, काही नाही.

बिनपगारी

माझ्याकडे एक सुरी आहे, काकांनी जर्मनीहून आणलेली. त्यावर 'रॉस्टफ्राय' लिहिलंय. ही कंपनी युद्धातली आहे का?

टवाळ

रोस्ट फ्राय? खानावळीची सुरी आहे ती. चिकन रोस्ट, पापलेट फ्राय.

डेर_डी_डास

बिनपगारी, कंपनी नाही हो. रॉस्ट म्हणजे गंज, फ्राय म्हणजे मुक्त. गंजमुक्त, म्हणजे आपलं स्टेनलेस. पुण्यात पंधरा वर्षं जर्मन शिकवतेय, दर बॅचमध्ये एक तरी विद्यार्थी हॉटेलातल्या सुरीवर हे वाचून 'मॅडम, ही कुठली कंपनी' विचारतो.

धाग्याबद्दल : एच. के. वरून माणूस शोधायचा मोह आवरा. हान्स, हाइनरिश, हेल्मुट, हेर्मान, होर्स्ट... आणि आडनावात क्लाइन, कोख, क्राउज, क्योनिश. अर्धी जर्मनी बसेल त्यात. तेव्हाच्या शाळांतून ज्युटर्लिन ही वळणदार लिपी शिकवत, १९४१ पर्यंत. पण पत्र्यावर ओरखडताना सगळे सरळ रेघांची अक्षरंच काढतात. त्यामुळे हस्ताक्षरावरूनही काही निघणार नाही.

भट्टी

कोल्हापूरला फाउंड्रीत आहे, धातूचं तेवढं सांगतो.

चुंबकाची परीक्षा लोक अर्धवट करतात. न चिकटणं म्हणजे ॲल्युमिनियम किंवा निकेलचं स्टेनलेस. वजनावरून दोघांतला फरक आंधळाही सांगेल. चिकटलं तर साधा पोलादी पत्रा (कल्हई किंवा मुलामा दिलेला) किंवा फक्त क्रोमचं स्टेनलेस. जर्मनीला युद्धात निकेलची टंचाई होती, त्यामुळे त्या काळचा 'रॉस्टफ्राय' चमचा चुंबकाला चिकटला तर घाबरू नका. सुरीचं पातं तर चिकटतंच, धार धरायला कडक पोलाद लागतं.

ॲल्युमिनियमचंही तेच. युद्ध लांबलं तसं ते विमानांकडे वळलं आणि डबे, बाटल्या, चमचे यांत पोलादी पत्रा वाढत गेला. १९४१ चा ॲल्युमिनियमचा ग्योफेल यात खटकण्यासारखं काही नाही.

रिव्हेटभोवतीची पांढरी पूड : रिव्हेट पोलादी असेल, भोवती ॲल्युमिनियम. दोन धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम आधी मरतं.

निवृत्त_सुभेदार

इटलीत ३/५ मराठा म्हणजे दहावी इंडियन डिव्हिजन. ही पलटण आधी १९४१ ला आफ्रिकेत केरेनला (एरिट्रिया) इटालियनांशी लढली, मग १९४४ ला इटलीत जर्मनांशी. नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४, वरचं टायबर खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे पडले, हा गडी एकटा मशीनगनवर चालून गेला. व्हिक्टोरिया क्रॉस (व्ही. सी., ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मरणोत्तर. रायगडात माणगावला पुतळा आहे त्यांचा. २०२३ मध्ये तिकडे मोंतोनेलाही त्यांच्या नावाचं स्मारक झालं. पुढच्या वर्षी १/५ चे नामदेव जाधव, सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. त्यांनाही व्ही. सी., आणि ते जगले.

तुमच्या आजोबांचा नंबर असेल तर बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला रीतसर पत्र लिहा. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं आहे का बघा.

२/५ चे असते तर वेगळी शक्यता सांगितली असती. ती पलटण जून १९४२ ला लिबियात तोब्रुकला शत्रूच्या हाती पडली. कैद्यांकडे जर्मन-इटालियन भांडी यायचीच. ३/५ चे असतील तर हे रिकाम्या केलेल्या मोर्चातून उचललेलं असणार.

अनामिका_नको

उचललेलं म्हणजे मेलेल्या माणसाच्या पिशवीतून काढलेलं, बरोबर? मला हा छंदच समजत नाही. लाखो माणसं मारणाऱ्या सैन्याचे चमचे जमवायचे, त्यावर नाझी गरुडाचा ठसा किती ठळक आहे त्यावरून भाव करायचा. धागाकर्त्याला उद्देशून नाही, तुमची घरातली आठवण आहे. पण 'संग्राहक' हा शब्द वाचला की अंगावर काटा येतो.

टवाळ

काटा येणारच. चमच्याला जोडून आहे.

अनामिका_नको

@टवाळ, हा विनोदाचा विषय नाही.

गंजका

अनामिका, राग समजतो. माझंही उत्तर पूर्ण नाही, पण जे आहे ते देतो.

मी जिथे राहतो तिथून स्टुटगार्ट-उल्म मार्गावर गाइसलिंगेन लागतं. डब्ल्यूएमएफ या मोठ्या कटलरीवाल्यांचं गाव, १८५३ पासून. १९४४ मध्ये तिथे नाट्झवायलर छळछावणीची उपशाखा उघडली. ऑशविट्झमधून आणलेल्या शेकडो ज्यू स्त्रिया, बहुतेक हंगेरीच्या, कारखान्यात सक्तीने राबवल्या. हे वाचल्यापासून १९४४ चा ठसा दिसला की चमचा हातात धरणं जड जातं. छंद सोडला नाही, पण कपाटात त्या वस्तूंशेजारी ही माहिती लिहिलेलं कार्ड ठेवतो. त्याने माझा हिशेब चुकता होतो असं नाही.

गरुडाबद्दल मात्र उलटं आहे. साध्या शिपायाच्या ग्योफेलवर बहुधा फक्त कारखान्याची अक्षरं आणि सालाचे दोन आकडे असतात, जसे माणदेशीकडे आहेत. गरुड, 'एफएल. यू. व्ही.' (हवाई दलाच्या निवासव्यवस्थेचं खातं), नौदलाचा 'एम', हे ठसे जास्त करून बराकीतल्या आणि भोजनगृहातल्या अखंड चमच्या-काट्यांवर. विकणारे ते 'रणांगणावरचे' म्हणून खपवतात. आणि जिथे गरुड एकदम झळझळीत, सोबत एसएसच्या (नाझींचं निमलष्करी दल) विजा, तिथे शंभरातल्या बऱ्याचशा खोट्या. साधा जुना चमचा घ्या, घरी ठसा मारा, किंमत दसपट.

जर्मनीत कायद्याच्या ८६अ कलमाखाली नाझी चिन्हं उघड मिरवायला बंदी आहे, अभ्यासाला सूट. म्हणून बाजारात चिन्हावर कागदाची पट्टी चिकटवून माल मांडतात. आता ती पट्टीच फसवणाऱ्याला सोयीची. मी सुरुवातीला बर्लिनच्या माउअरपार्कच्या रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्याकडून असाच एक घेतला. घरी येऊन पट्टी काढली, भिंग लावलं आणि कपाळाला हात लावला. चमच्यावरचे जुने ओरखडे ठशाच्या कडेपाशी येऊन चेपले गेले होते. म्हणजे आधी ओरखडे, मग ठसा. खऱ्यात उलटं असतं : ओरखडे ठशाच्या कडांवरून आडवे जातात, ठसा बाकीच्या दांडीइतकाच झिजलेला असतो आणि त्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा मळ काळा होऊन बसलेला असतो. म्हणूनच घासू नका म्हणालो. मळ हा पुरावा आहे.

चहाबाज

'मळ हा पुरावा आहे' हे वाक्य बायकोला ऐकवलं. भांडी आता मी घासतोय.

रानवाटा

नुसती वाचत होते. चार नगांच्या सेटबद्दल गंजका पुढे लिहिणार होते ना?

गंजका

हो. तिथली मुख्य अडचण अशी की बुंडेसवेर, म्हणजे पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य, १९५५ मध्ये उभं राहिलं आणि त्यांनीही तीच चार नगांची रचना पुढे चालवली. त्यामुळे बाजारातले 'युद्धातले' म्हणून विकले जाणारे अर्धेअधिक संच सत्तरच्या दशकातल्या कुणा पोराने सक्तीच्या लष्करी सेवेत वापरलेले असतात. बघायच्या गोष्टी :

'बुंड' असा ठसा, युद्धानंतरचा. तेरा आकडी नाटो क्रमांक असेल तर विषयच संपला. त्यातले ७३४० म्हणजे कटलरी, पुढचे १२ म्हणजे जर्मनी. 'वेस्ट जर्मनी' किंवा इंग्रजीत 'मेड इन' काही लिहिलं असेल तर तो सैन्याचा मालच नव्हे. 'डीआरजीएम' हे नोंदणीचिन्ह जुनं, 'डीबीजीएम' संघराज्य झाल्यानंतरचं. १९४३ च्या आसपासपासून काही मालावर कारखान्याच्या नावाऐवजी शून्याने सुरू होणारा सरकारी क्रमांक येतो. 'सोलिंगेन' (सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध गाव) या नावाला १९३८ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण त्यावरून गाव कळतं, साल नाही. 'क्रोमार्गान' (डब्ल्यूएमएफच्या स्टेनलेसचं नाव) यावरूनही साल कळत नाही. हत्तीचं चित्र असेल तर आउए गावचे वेल्नर. त्यांचा कारखाना युद्धानंतर पूर्व जर्मनीत गेला आणि सरकारजमा झाला.

आणि चारही नगांवर एकच अक्षरं, एकच साल आहे का ते बघायचं. जुळवून आणलेली चौकडी पुष्कळ मिळते. चुकीचं नाही, पण सांगायला हवं.

बिनपगारी

म्हणजे काकांची सुरी?

गंजका

फोटो बघितला. त्यावर डिशवॉशरचं चित्र आहे हो.

टवाळ

:हसून लोळणे: गोबेल्सच्या घरचा डिशवॉशर!

फिनिक्स_नाही_फिनलंड

थोडं पाणी ओततो. हेलसिंकीला चार वर्षं होतो. फिनिश सैन्यातही अगदी अशीच घडीची जोडी होती, लुसिक्काहारुक्का. (नाव एका दमात म्हणा, चहा माझ्याकडून.) त्यावर 'एसए इंट' असं असतं, त्यांच्या लष्करी पुरवठा खात्याचं. तेव्हा आकार दिसला की जर्मन असं नाही.

गंजका

मुद्दा बरोबर. पण फिनिश चमचा इटलीतल्या मराठा शिपायाला कुठून मिळेल? ब्रिटिशांच्या मालावर बाण असतो, अमेरिकनांच्या मालावर यू. एस., दोन्ही इथे नाहीत. आकार, साल, ॲल्युमिनियम आणि आजोबा कुठे होते ते, चारही एकत्र धरले तर मी जर्मन म्हणेन.

मला शंका वेगळीच आहे, लिहू की नको करत होतो. काट्याचे दात. इतके खोल खड्डे वापराने पडत नाहीत. हे जमिनीतून निघालेल्या मालावर दिसतं. लाटव्हियातला कूरलांड, वोल्गोग्राड (तेव्हाचं स्टालिनग्राड), तिकडच्या रणभूमीतून खणलेला माल बाजारात येतो तो असाच. माणदेशी, राग मानू नका, पण हा तुकडा नंतर कुणीतरी विकत घेऊन ट्रंकेत ठेवलेला असू शकतो.

माणदेशी_पोर

आमच्या घरात? विकत? गावातून वोल्गोग्राड सोडा, दहिवडीला जायचं तरी आजी दोनदा विचार करायची.

भट्टी

गंजका, इथे माझी हरकत. फोटो मोठा करून पाहिला. खड्डे फक्त काट्यावर आहेत, दातांपासून मानेपर्यंत, आणि मग जवळजवळ एका रेषेत थांबतात. चमच्याची वाटी गुळगुळीत. जमिनीत पडलेली वस्तू अशी निवडून निवडून सडत नाही. काटा उघडून कुठल्यातरी द्रवात उभा राहिलाय, आणि पुष्कळ काळ. मीठ असणार त्यात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तोच त्याला वाचवतो. मिठातलं क्लोराइड तो टोचून टोचून फोडतं, म्हणून सरसकट न झिजता खड्डे पडतात.

चहाबाज

समुद्रात उभा राहिला असेल. लँडिंग.

निवृत्त_सुभेदार

एक पाय पाण्यात ठेवून?

रानवाटा

जमिनीतून निघणाऱ्या चमच्यांवरून आठवलं. रशियात दरवर्षी स्वयंसेवकांच्या तुकड्या जुन्या रणभूमीत सैनिकांचे अवशेष शोधतात. सोव्हिएत सैनिकांना ओळखीसाठी एक छोटी बंद नळी दिलेली असायची, आत नाव-गाव लिहायचा कागद. पण तो भरला तर मरण येतं अशी समजूत होती, त्यामुळे कित्येकांनी तो कोराच ठेवला. मात्र बुटाच्या गळ्यात खोचलेल्या चमच्यावर स्वतःचं नाव कोरायचे. चोरी होऊ नये म्हणून! आज ऐंशी वर्षांनी कित्येकदा त्या चमच्यावरूनच माणूस ओळखला जातो, घरच्यांना कळतं.

अनामिका_नको

हे माहीत नव्हतं. मरणाच्या कागदावर नाव नाही आणि चमच्यावर आहे.

डेर_डी_डास

जर्मनांचा गळ्यातला बिल्ला असायचा, मधोमध भोकं पाडलेली लंबगोल पट्टी. माणूस पडला की अर्धी तोडून कळवायला न्यायची, अर्धी देहासोबत. त्यावर नाव नसे, तुकडी आणि क्रमांक. त्याच्या नोंदी बर्लिनच्या कार्यालयात होत्या, २०१९ पासून बुंडेसआर्खीव्हकडे (जर्मनीचं सरकारी अभिलेखागार). पण नुसत्या एच. के. वर तेही काही करू शकणार नाहीत.

ओसरी

आपल्याकडेही चमच्यावर नाव घालतातच की! लग्नातल्या भांड्यांवर, वास्तुशांतीच्या ताटांवर. दुकानदार विचारायचा, 'काय नाव घालायचं?' आणि मग ती टकटक. आता मशीन आलंय, घुर्र करतं. पूर्वी खिळ्यासारखं टोचणं आणि छोटी हातोडी, ठिपका ठिपका पाडत अक्षर काढायचा. माझ्या आईच्या कळशीवर 'चि. सौ. कां.' इतकंच आलंय, पुढे जागा संपली. कुणाची ती कळायचं नाही. शेजारणीने वापरायला नेली ती तिचीच झाली.

सांडगी_मिरची

+१. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं आणि एकाच मांडववाल्याची ताटं. 'श्री गणेश मंडप' लिहिलेलं एक ताट अजून माझ्याकडे आहे. चोरीचं नाही, राहून गेलेलं.

टवाळ

लुटीचा माल! अनामिका, इकडे लक्ष द्या.

अनामिका_नको

सांडगी_मिरचीला माफी. तिचं ताट खणून काढलेलं नाही.

ओसरी

थांबा थांबा. ठिपक्यांवरून माझ्या डोक्यात आलं. माणदेशी, तू पहिल्यांदा लिहिलं होतंस की ओरखड्याखाली ठिपक्यांची ओळ आहे. त्या बाजूचा फोटो तू उलटा टाकलायस का रे? मी टॅब फिरवून पाहिला. पहिलं अक्षर मला 'ह' दिसतंय. मग काना आणि वर दोन मात्रा असाव्यात. शेवटी 'सा'.

भट्टी

फोटो उलटा करून, काळा-पांढरा करून पाहिला. 'हौसा'. नक्की. ठिपक्यांचा तळ ओरखड्यांपेक्षा उजळ आहे, म्हणजे नंतरचा.

गंजका

मी त्याला तुकडीचा क्रमांक समजून तीन दिवस पुस्तकं उलथतोय.

माणदेशी_पोर

हौसा माझी आजी. हौसाबाई.

हात थरथरतायत. आईला फोन करतो, मग लिहितो.

चहाबाज

आता टवाळसुद्धा गप्प बसेल.

टवाळ

बसलोय.

माणदेशी_पोर

आईशी बोललो, मग थोरल्या आत्याशी. आत्या ८१ वर्षांची आहे, कान पक्के, भाषा त्याहून पक्की. तिने जे सांगितलं ते असं :

ट्रंकेत तो नव्हताच कधी. घर उतरवताना चुलतभावाने चुलीमागच्या फडताळातलं किडूकमिडूक त्यात कोंबलं. आजोबा पलटणीतून आले तेव्हा तो त्यांच्या पिशवीत होता. कुठून आणला ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. एकदा थोरल्या चुलत्याने विचारलं तर 'ज्याचा होता त्याला आता लागत न्हाई' म्हणाले आणि उठून रानात गेले. ते स्वतः त्याने कधी जेवले नाहीत.

आजीने तो लोणच्याच्या बरणीला लावला. उघडला की लांब होतो, बुडापर्यंत पोचतो आणि काट्याने फोड टोचून वर येते. हात लागला तर लोणचं नासतं, म्हणून चांगलाच सोयीचा. बरणीतच उभा असायचा, तीस-पस्तीस वर्षं. नाव म्हसवडच्या यात्रेत घालून घेतलं. जावा-जावांत बरण्यांवरून भांडणं व्हायची म्हणून.

भट्टी

मीठ, आंबट आणि तीस वर्षं. माझी रेषा म्हणजे खाराची पातळी हो!

गंजका

मानलं. कूरलांडची माती म्हणालो आणि निघाला कैरीचा खार. ते 'विकत घेऊन ठेवलेला' वाक्य मागे घेतो, आत्याबाईंना नमस्कार सांगा.

एक राहिलंय, कुतूहल म्हणून. चमच्याच्या वाटीची डावीकडची कड नीट बघा. उजव्या हाताने वर्षानुवर्षं डबा खरवडला की तिथली कड सपाट होते. तुमच्या आजोबांनी वापरला नाही, आजीने काट्याची बाजू वापरली. तेव्हा तिथे झीज असेल तर ती एच. के. ची.

माणदेशी_पोर

बघितली. आहे थोडी. पण उजव्या बाजूला.

डेर_डी_डास

डावखुरा.

अनामिका_नको

...

निवृत्त_सुभेदार

पदकाच्या कडेवरचा नंबर काढलात का? बेळगावचं पत्र विसरू नका.

माणदेशी_पोर

काढला सुभेदारसाहेब, पत्राचा मसुदा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मूळ प्रश्नातला एकच भाग उरला. घासायचं नाही हे कळलं, मग ठेवायचा कसा?

भट्टी

एकदा साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, म्हणजे खड्ड्यांत मुरलेलं मीठ निघेल. पूर्ण कोरडा करा. पांढरी पूड मऊ ब्रशने झटका, खरवडू नका. रिव्हेटवर तेलाचा एक थेंब. घडी पुन्हापुन्हा उघडू नका, रिव्हेट किती उरलाय देव जाणे. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी. लोणच्याच्या आसपासही नको.

माणदेशी_पोर

आभार सगळ्यांचे. शेवटची सूचना जरा अवघड आहे. आत्याचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणते, तुमचं फोटो काढून झालं असेल तर चमचा धाडून दे, कैऱ्या फोडून झाल्यात.